लोकेश हलामीचा नकार

लोकेश हलामी हा तसा वाईट मुलगा नव्हे. त्याने कुणाचं कधी काही चोरलं नाही, कुणाशी मारामारी केली नाही, आणि बसमध्ये म्हातारं माणूस दिसलं की उठून जागा देतो. फक्त दुसऱ्याचं चांगलं झालेलं त्याला बघवत नाही. ही गोष्ट त्याला स्वतःलाही माहीत आहे, पण माहीत असून काडीचा उपयोग होत नाही. कुरखेड्याच्या आश्रमशाळेत असताना गुरुजींनी एका पोराचं चित्र वर्गाच्या भिंतीवर लावलं, तर लोकेशला ताप आला. खराखुरा, कपाळ तापवणारा ताप. गुरुजींनी गोळी दिली, पांघरूण घालून झोपवलं. ते चित्र वाऱ्याने फाटून खाली पडलं त्या दिवशी लोकेश खडखडीत बरा झाला, आणि दोन्ही गोष्टींचा संबंध कुणी जोडला नाही.

ताप वाया मात्र गेला नाही. त्या पोराच्या पुढे जायचं म्हणून लोकेश चित्रं काढायला लागला आणि काढता काढता खरंच चांगली काढायला लागला. कोसमटोला ही कुरखेड्यापासून आत, जंगलाला टेकून असलेली गोंडांची लहानशी वस्ती. तिथून बारावी सायन्स झालेला पहिला मुलगा तो, आणि चंद्रपूरला आर्किटेक्चर शिकायला गेलेला पहिलाही तोच. आर्किटेक्चर म्हणजे काय, हे त्याची आई बुधरीबाई गावाला समजावून सांगायची. "माहा पोट्टा घरं काढते. बांधत नाई, काढते." ऐकणारे मान हलवायचे. नुसत्या काढलेल्या घरात राहायचं कसं, असं कुणी विचारलं नाही, एवढं ते गाव सभ्य आहे.

कॉलेजातली पहिली दोन वर्षं बरी गेली, कारण हेवा करायला भरपूर माणसं होती आणि हेवा सगळ्यांत वाटला जायचा. कुणाचा लॅपटॉप, कुणाची बाईक, कुणाचं फाडफाड इंग्रजी. तिसऱ्या वर्षी मात्र तो सगळा गोळा होऊन एकाच माणसावर येऊन बसला. त्या माणसाचं नाव मलिका शेख.

मलिका वरोऱ्याची. तिचे वडील बशीरभाई कूलरच्या पत्र्याच्या बॉड्या, खिडक्यांचे ग्रिल, दुकानांची शटरं असली कामं करायचे. लहानपणापासून त्यांच्या हाताखाली पत्रा कापलेली ही पोरगी, तिच्यापुढे कार्डबोर्डची काय कथा! लोकेश मॉडेलच्या भिंती चिकटवत असायचा तेव्हा हिचं छत बसवून झालेलं असायचं. तिच्या ड्रॉइंगमध्ये रेषा कमी आणि मार्क जास्त, हा त्याला सरळसरळ अन्याय वाटायचा. बरं, ती शिष्ट असती तरी सोपं होतं. शिष्ट माणसाचा राग राग करायला सोय असते. ही त्याच्या टेबलाशी येऊन म्हणायची, "लोकेश, तुझी शेडिंग एक नंबर असते यार. मले शिकव ना." तो शिकवायचा. मग तिची शेडिंग आपल्यासारखी उतरलेली पाहिली की त्याला त्या दिवशी मेसचं जेवण जायचं नाही.

त्या सहामाहीचा विषय होता सार्वजनिक आणि मिश्र वापराच्या इमारती. म्हणजे एकाच छताखाली दुकानही असेल, गोदामही असेल, सभेची जागाही असेल, आणि एकाचा दुसऱ्याला त्रास होणार नाही, अशी इमारत. दर वर्षी पोरं चंद्रपूरच्या मूल रोडवर एखादं कॉम्प्लेक्स काढून मोकळी व्हायची. खाली दुकानं, वर ऑफिसं, समोर काच. ती काच तपासून तपासून डोळे शिणलेल्या देशकर मॅडम यंदा म्हणाल्या, "खरी जागा आणा. खरे लोक आणा, ज्यांना खरंच काही बांधायचंय."

सगळ्यात आधी लोकेशचा हात वर गेला. कोसमटोल्याच्या ग्रामसभेला खरंच बांधायचं होतं. जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाल्यापासून तेंदूपत्ता आणि बांबू गाव स्वतः विकत होतं, आणि त्यातून गावाला सगळ्या कामांची मिळून एक इमारत हवी होती. मोहफुलं आणि हिरडा ठेवायला गोदाम, बचतगटाच्या बायकांची पिठाची चक्की, अधूनमधून येणाऱ्या नर्सबाईंना एक खोली, आणि ग्रामसभेला बसायला ऐसपैस जागा. गावाचं जमायचं जुनं छप्पर, ज्याला ते गोटूल म्हणतात, ते आता एका बाजूने झुकलं होतं आणि आणखी एक पावसाळा काढेल याची खात्री कुणी देत नव्हतं. मॅडमना हे सगळं फार आवडलं. ठरलं असं, की वर्गाने गावात राहून पाहणी करायची, सगळ्यांनी डिझाइन करायचं, मॅडम त्यातली दोन निवडतील, आणि त्या दोनांतलं बांधायचं कुठलं ते गाव ठरवेल.

हात वर करताना लोकेशच्या मनात काय होतं ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं. कुरखेड्याची बस फाट्यावर थांबते, आपण उतरतो, आणि समोर आपण काढलेली इमारत उभी. आई शेजारणींना हात करून दाखवते आहे. एवढंच त्याला हवं होतं. मार्कांचं त्याला काही नव्हतं, असं तो स्वतःला सांगायचा. मार्कही हवेच होते.

वर्ग गावात आला. मुलं शाळेच्या खोलीत उतरली, मुली घरोघरी वाटल्या गेल्या, आणि मलिका नेमकी लोकेशच्या घरी. बुधरीबाईने दारातच विचारून घेतलं, "तुले काय चालते अन् काय नाई, आधीच सांगून दे बाई." मलिकाने सांगितलं, आणि अंबाडीची भाजी, भात यावर दोघींचं जमून गेलं.

लोकेश सकाळपासून टेप घेऊन जागेवर. लांबी घेतली, रुंदी घेतली, उतार घेतला, वर्गातल्या पोरांना आपलं गाव दाखवलं. कुणाला काही विचारण्याची गरज त्याला वाटली नाही. गाव माझंच आहे, मग विचारायचं काय? परक्यांनी विचारावं! आणि ती परकी मलिका टेपला हातही न लावता अंगणात बायकांमध्ये फतकल मारून बसली होती. "सभा असली की तुम्ही कुठं बसता?" असलं काहीतरी ती विचारत होती. बायका हसल्या. बुधरीबाई म्हणाली, "आमी कायच्या बसतो? कडेले उभ्या राह्यतो. पोट्टं रडते, चुलीवर भात असते. दळण आणाले दुसऱ्या गावाले गेलं तर तो दिवसच गेला. सभेत काय झालं ते दुसऱ्या दिवशी आयकतो." मग मलिका काहीतरी म्हणाली आणि बुधरीबाई पदर तोंडाला लावून खो खो हसली.

ते हसणं कुंपणापाशी उभ्या असलेल्या लोकेशने ऐकलं. चंद्रपूरला गेल्यापासून आई त्याच्यापाशी अशी हसली नव्हती. त्याच्याशी ती जपून बोलायची, शिकलेल्या माणसाशी बोलावं तशी. त्याचा जीव जळून गेला. टेप गुंडाळताना त्याने तो इतक्या जोरात सोडला की पट्टीने बोट कापलं.

महिनाभराने मॅडमनी दोन डिझाइनं निवडली. एक लोकेशचं, एक मलिकाचं. लोकेशचं डिझाइन देखणं होतं, हे त्याच्या शत्रूनेही मान्य केलं असतं. मधोमध गोल सभागृह, आत उतरत जाणाऱ्या पायऱ्या, वर चढत गेलेलं छप्पर आणि त्यातून नेमका मध्यभागी पडणारा उजेड. गोदाम आणि चक्की मागच्या अंगाला ढकललेली, समोरून शोभा बिघडू नये म्हणून. नागपूरहून परीक्षक आले होते, त्यांनी मोबाइल काढून फोटो घेतला.

मलिकाचं डिझाइन म्हणजे एक लांबलचक, साधी इमारत. एका टोकाला चक्की, दुसऱ्या टोकाला नर्सबाईंची खोली, मध्ये सभेची जागा, मागे गोदाम. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रुंद वऱ्हांडा. सभेची जागा आणि वऱ्हांडा यांच्यामध्ये भिंत फक्त कमरेएवढी. दळणाची वाट बघत वऱ्हांड्यात बसलेली बाई आपोआप सभेतच बसलेली. उठून जायला नको, कडेला उभं राहायला नको.

लोकेशला ते पाहताक्षणी कळलं. किती साधी गोष्ट! आपल्याला का सुचली नाही? ज्या बाईच्या उभं राहण्यातून ती सुचली होती ती बाई तर आपली आई होती.

पण निवड गाव करणार होतं, आणि गाव त्याचं होतं. त्यामुळे ग्रामसभेच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

कोसमटोल्यात मतदान होत नाही. हात वर करून मोजायची पद्धत तिथे कुणाला पसंत नाही. सगळ्यांचं होय झालं तरच ठराव होतो. एकाने जरी नाही म्हटलं तरी विषय तिथे थांबतो, त्या एकाने कारण सांगायचं, गावाने त्याचं निवारण करायचं आणि पुन्हा बसायचं. बाहेरच्यांनी बोलावं, पण त्यांचं होय-नाही धरत नाहीत. लोकेश अठराचा झाल्यापासून त्याचं धरत होते.

मोहाच्या झाडाखाली दोन्ही मॉडेलं मांडली गेली. बोलणं गोंडीत सुरू झालं आणि पाहुण्यांसाठी मराठीत आलं. लोक आधी लोकेशच्या मॉडेलभोवती जमले. "लय मोठं हाय बाप्पा!" "कुरखेड्यातबी असं नाई." "पाहाले लोक येतीन." लोकेशची छाती फुगत चालली. मग एकेक जण मलिकाच्या मॉडेलकडे सरकायला लागला. त्याचं छत उचलून बाजूला ठेवता येत होतं. बुधरीबाईने वाकून वऱ्हांड्यावर बोट टेकवलं. "मी इथी बसीन."

"मंग मी कुठी बसू?" शेजारची दुर्गाबाई म्हणाली. "सरक तिकडं."

"तू चक्कीकडं बस ना. तुहंच दळण जास्त असते."

कार्डबोर्डच्या त्या बोटभर वऱ्हांड्यावर बायकांची जागेसाठी रेटारेटी सुरू झाली. पुरुष छताखाली डोकावून आपापली जागा धरू लागले. लोकेशच्या गोल सभागृहात कुणी बोट घातलं नाही. त्याची स्तुती सगळ्यांनी केली आणि मुक्कामाला सगळे मलिकाकडे गेले. त्याला वाटलं, यापेक्षा नावं ठेवली असती तर बरं.

सभा चालवायचे सुकलूभाऊ, गावातले सगळ्यात वडीलधारे. त्यांनी वर्तुळात एकेकाला विचारायला सुरुवात केली. पोरीचं बांधायचं का? होय. होय. होय. बुधरीबाईने तर विचारायच्या आधीच मान हलवली. मग ते लोकेशपाशी आले, आणि लोकेशच्या तोंडून निघालं, "नाई."

सुकलूभाऊ तिथेच थांबले.

"कारण सांग," सुकलूभाऊ म्हणाले.

"चक्कीचा आवाज. सभा चालू असताना कोणी दळण टाकलं तर कोणाले आयकू येईन?"

खरी अडचण होती. लोकांनी माना हलवल्या. मलिकाही म्हणाली, "बरोबर आहे, हे माझ्या ध्यानात नाई आलं." विषय थांबला. वर दोघा-तिघांनी लोकेशच्या पाठीवर थाप मारली, शिकलेला पोट्टा बारकाईनं पाहते म्हणून. परतीच्या बसमध्ये मलिकाने त्याचे आभार मानले. आभार! आता अशा माणसाचं करायचं काय?

पुढची सभा भरली तेव्हा मोहफुलं गळायला लागली होती. लोक पहाटेपासून फुलं वेचून, अंघोळी करून येऊन बसले. मलिकाने चक्की आणि सभा यांच्या मध्ये एक कोठी घातली होती आणि चक्कीचं तोंड बाहेर फिरवलं होतं. वऱ्हांडा तसाच होता. पुन्हा वर्तुळ फिरलं, पुन्हा होय, होय, आणि पुन्हा लोकेश म्हणाला, "नाई. गोदामाची भिंत पावसाच्या तोंडावर हाय. ओल धरन, अन् मोहाले बुरशी येईन."

हेही खरंच होतं. पण या वेळी पाठीवर थाप कुणी मारली नाही. बुधरीबाई त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिली, मग उठून फुलं वाळत घातली होती तिकडे निघून गेली.

फाट्यावर बसची वाट बघताना मलिका भडकली. इतक्या दिवसांत तिला भडकलेलं त्याने पाहिलं नव्हतं. "तुले पहिल्यांदाच दोन्ही दिसलं होतं ना? मंग दोन्ही एकदाच काऊन नाई सांगितलं?"

तो बस येते का ते बघत राहिला.

"वरोऱ्याले माझ्या अब्बूंचं दुकान होतं ना रोडवर, तिथी एका बिल्डरनं कॉम्प्लेक्स टाकलं. खाली दुकानं, वर ऑफिसं. कोणीतरी मस्त काढलं असन ते, तुह्या-माह्यासारख्यानं. आम्हाले कधी कळलं माहीत आहे? जेसीबी आला तवा. अब्बूंना कोणी विचारलं नाई. ते नाई म्हणून ओरडत होते अन् त्यांच्याच शटरवरून तो जेसीबी गेला. आता एका गल्लीत बसतात. आणि तू! तू एकदा नाई म्हटलं की सारं गाव थांबते. मले जलन होते तुही. खरंच होते. अन् तू त्याचं काय करून राह्यला, पाह्य."

खरं तर लोकेशला लाज वाटायला हवी होती. वाटली आनंदाची उकळी. मलिकाला त्याचा हेवा वाटत होता! ज्या माणसापायी त्याला वर्षभर अन्न गोड लागलं नाही, ते माणूस तोंडाने कबूल करत होतं. बसमध्ये खिडकीशी बसून तो गाणं गुणगुणला. बशीरभाईंच्या शटरचा विचार त्याच्या मनात आला, पण ब्रह्मपुरी आली तोवर गेलाही. तिच्याकडे सगळं होतं, हात होता, डोकं होतं, आता त्याची आईसुद्धा होती. त्याच्याकडे एक नकार होता. तो सोडला की ती कशाचा हेवा करणार?

इकडे गावाला घाई झाली होती. तेंदूचा हंगाम तोंडावर आला होता. एकदा पानतोडणी सुरू झाली की कुणाला मान वर करायला फुरसत नाही, आणि त्यामागून पाऊस. आता ठरलं नाही तर इमारत वर्षावर जाणार होती, आणि यंदाची मोहफुलं पुन्हा घराघरात, माणसांच्या उशाशी.

तिसऱ्या सभेआधी लोकेश आठवडाभर मलिकाच्या नकाशावर वाकून बसला. गोदाम तिने फिरवलं होतं, छपराचा पाखा पुढे काढला होता. त्याने उतार तपासला, दारं तपासली, नर्सबाईंच्या खोलीत उजेड कुठून येतो ते तपासलं. चूक सापडेना. उलट, तपासता तपासता त्याला ती इमारत आणखी आवडायला लागली, आणि त्यामुळे तो जास्तच कुढला.

सभा बसली. होय, होय, होय. लोकेशची पाळी आली. सगळ्या गावाचे डोळे त्याच्यावर. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "होय. मंजूर."

बायकांनी सुस्कारा सोडला. देशकर मॅडम हसल्या. सुकलूभाऊ मात्र पुढच्या माणसाकडे गेले नाहीत.

"हे कोणतं होय हाय?" त्यांनी विचारलं.

"म्हंजे?"

"तोंडानं होय म्हटलं तू. थोबाड नाई म्हणून राह्यलं. असं होय आपण घेत नाई. तो झिंगू पाह्य. बांबूच्या ठरावाच्या वेळेस त्यानं असंच अर्धं होय म्हटलं, आपण घाई केली अन् घेतलं. मंग तीन वर्षं त्याचं भांडण सारं गाव निस्तरत होतं."

वर्तुळाच्या पलीकडून झिंगूने खरंय म्हणून मान हलवली. त्याला वाईट वगैरे वाटलेलं दिसलं नाही.

"आता कारण नाई राह्यलं," लोकेश म्हणाला.

"कारण नाई असं रायत नाई. सांग. आमी बसलो हावो."

आणि ते खरोखर बसले. कुणी रागावलं नाही, कुणी समजूत काढली नाही. पुरुषांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळायला घेतला, बायकांनी चिंचा फोडायला घेतल्या. ऊन झाडाच्या या अंगावरून त्या अंगावर गेलं. शिव्या दिल्या असत्या तर लोकेशने उलट दिल्या असत्या. हे नुसतं थांबून राहणं त्याला सोसवेना. चिंचोका डाल्यात पडल्याचा आवाजसुद्धा त्याला आपल्याला उद्देशून वाटायला लागला. समोर मलिका गुडघ्यांना मिठी मारून बसली होती आणि त्याच्या आईने मूठभर चिंच सोलून तिच्या हातावर ठेवली.

"तिचं चांगलं हाय म्हून!" लोकेश ओरडला. "आयका कारण. तिचं चांगलं हाय. चूक कुठीच नाई. आठ दिवस पाह्यलं मी, चूक नाई सापडली. सापडली असती तर बरं झालं असतं. गाव माहं, माय माही, अन् वऱ्हांडा तिले सुचला. मले काऊन नाई सुचला? मी बसमधून उतरीन अन् समोर तिचं दिसन. आज दिसन, उद्या दिसन, मी म्हातारा होईन तरी दिसन. मले नाई पाह्यवत. मले जलन होते. झालं? लिहा आता."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, लोक हसतील. कुणी हसलं नाही. मलिका जमिनीकडे बघत होती. बुधरीबाईचे हात थांबले होते.

"हे कारण झालं," सुकलूभाऊ म्हणाले. चक्कीचा आवाज किंवा भिंतीची ओल ऐकून म्हणाले होते त्याच सुरात. मग ते सभेकडे वळले. "लोकेशले जलन होऊन राह्यली. याचं काय कराव, बोला."

आणि गाव बोलायला लागलं! लोकेशच्या हेव्यावर, लोकेशच्या देखत, रीतसर चर्चा सुरू झाली. एवढी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. झिंगू म्हणाला, लोकेशचंच बांधून टाकू, पोट्टा आपला हाय. दुर्गाबाई म्हणाली, मंग आमी पुन्हा कडेले उभ्या राहाव का? कुणी म्हणालं, वर्षभर थांबू, तोवर त्याची जलन निवन. बुधरीबाई म्हणाली, "हे लहानपणापासून असंच हाय. निवत नाई." यावर मात्र थोडं हसू झालं.

मग विनोद उठला. हा बचतगटाचा हिशेब बघायचा आणि मध्यममार्ग काढण्यात पटाईत होता. "सोपं हाय ना भाऊ. दोघायचं मिळून करू. खालतं पोरीचं अन् वरतं लोकेशचं. त्याचं ते गोल छप्पर उचलाचं अन् हिच्या मधातल्या भागावर ठेवाचं. दोघायचं नाव, दोघं खुश."

"वा!" दोघे-तिघे म्हणाले. सुकलूभाऊंनीही विचारात पडून मान हलवली. मलिकाचा चेहरा पांढरा पडला, पण बाहेरची म्हणून तिचं नाही तिथे धरलं जाणार नव्हतं.

"पागल झाले का तुमी?" लोकेश ताडकन उभा राहिला. "गोल छप्पर ठेवलं तर साऱ्या पावसाचं पाणी वऱ्हांड्यात येईन, बायकायच्या अंगावर! उंची वाढली की अर्ध्या भिंतीवरून आवाज वरतं जाईन, बाहेर बसलेलीले आयकू येनार नाई. मंग तो वऱ्हांडा ठेवलाच कायले? ते छप्पर ह्या इमारतीचं नाईच. हिचं हाय तसंच पाह्यजे. एक इंच इकडचं तिकडं नाई कराचं. कोणी हात लावाचा नाई त्याले!"

तो धापा टाकत उभा होता. हात मलिकाच्या मॉडेलवर आडवा धरलेला होता, जणू विनोद आत्ताच येऊन छप्पर ठेवणार होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. मलिकाही आता मान वर करून बघत होती.

"म्हंजे होय का?" सुकलूभाऊंनी विचारलं.

लोकेशने हात मागे घेतला.

"होय," तो म्हणाला.

"जलन गेली?"

"नाई गेली."

"मंग होय कसं म्हणतं?"

"जलन माही हाय," लोकेश म्हणाला. "इमारत गावाची हाय. बांधा."

सुकलूभाऊ त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. चेहरा आंबट तो आंबटच होता, पण या वेळी तोंडाने तो आंबटपणा लपवला नव्हता.

"घेतलं," ते म्हणाले, आणि लोकेशच्या शेजारी बसलेल्या माणसाकडे वळले.